डोळे मिटल्यावर तोल कोण सांभाळणार?

मज्जासंस्थेच्या तपासणीत एक अगदी साधी चाचणी असते. तिला यंत्र लागत नाही, पैसे लागत नाहीत. रुग्णाला दोन्ही पाय जुळवून सरळ उभे राहायला सांगतात आणि मग म्हणतात, ‘‘आता डोळे मिटा.’’ निरोगी माणूस किंचित हलतो, पण उभा राहतो. काही जण मात्र डोळे मिटताच डोलू लागतात. डॉक्टरांनी वेळीच हात धरला नाही तर पडतातही. बर्लिनचे डॉक्टर मोरिट्झ रोमबर्ग यांनी एकोणिसाव्या शतकात या लक्षणाचे वर्णन केले आणि आजही ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

आपला तोल तीन वेगवेगळ्या वाटांनी सांभाळला जातो. डोळे आजूबाजूचे दाखवतात. कानाच्या आतला भाग डोके कुठे कलले ते सांगतो. तळपाय, घोटे आणि गुडघे यांच्यातील संवेदना ‘जमीन कुठे आहे’ हे मेंदूला कळवत राहतात. ही तिसरी वाट ‘बी-१२’ जीवनसत्त्वाच्या दीर्घ कमतरतेने किंवा मधुमेहाने हळूहळू खराब होते. अशा माणसाला दिवसा काहीच जाणवत नाही, कारण डोळे सगळे सांभाळून घेतात. पण रात्री वीज गेली, धानाच्या बांधावरून अंधारात चालायची वेळ आली किंवा तोंड धुताना डोळे मिटले, की तोल जातो. आजार कधीच जडलेला असतो. अंधार तो फक्त उघड करतो.

युरोपात सध्या नेमकी हीच चाचणी सुरू आहे. ती माणसांची नाही, जहाजांची आणि विमानांची आहे.

तार्तूचा धडा

एस्टोनिया हा बाल्टिक समुद्राकाठचा छोटा देश. तार्तू हे तिथले दुसऱ्या क्रमांकाचे शहर. २०२४च्या एप्रिलअखेर फिनलंडची राजधानी हेलसिंकी येथून तार्तूला निघालेली दोन विमाने लागोपाठच्या दोन दिवशी न उतरताच परत फिरली. हवामान आड आले नव्हते, इंजिनही ठीक होते. त्या भागात जीपीएसचे संकेत विस्कळीत झाले होते आणि तार्तूला उतरण्याची पद्धत त्या संकेतांवरच अवलंबून होती. फिनएअर कंपनीने ही सेवा महिनाभर बंद ठेवली. उपग्रहांवर न विसंबता उतरण्याची सोय झाल्यावर, जूनच्या सुरुवातीला ती पुन्हा सुरू झाली.

मोठ्या विमानतळांवर विमानाला धावपट्टीपर्यंत आणणारी रेडिओ यंत्रे जमिनीवर बसवलेली असतात. त्यामुळे जीपीएस गेले तरी तिथे काम चालते. अडचण झाली ती लहान विमानतळाची. जिथे साधने कमी, तिथे आधारही एकच उरतो. ग्रामीण आरोग्यसेवेत काम करणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको.

जमिनीवरचा आवाज

उपग्रह नव्हते तेव्हाही विमाने आणि जहाजे रात्री-बेरात्री प्रवास करत होती. १९४९ साली सुरू झालेल्या रात्रीच्या हवाई टपालसेवेत दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री नागपूरला एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करत आणि पहाटेपर्यंत परतत. जगातला पहिला कृत्रिम उपग्रह त्यानंतर आठ वर्षांनी उडाला. वैमानिकाचा भरवसा होता तो होकायंत्र, घड्याळ, तारे, जमिनीवरचे दिवे आणि रेडिओ यांच्यावर.

जमिनीवरच्या रेडिओ साधनांचे प्रकार अनेक. ‘व्हीओआर’ हे केंद्र विमानाला आपल्यापासून तू कोणत्या दिशेला आहेस ते सांगते. ‘डीएमई’ अंतर सांगते: विमान साद घालते, केंद्र प्रतिसाद देते आणि मधल्या वेळावरून अंतर काढले जाते. समुद्रासाठी ‘लोरान’ होते. एकमेकांपासून शेकडो किलोमीटर दूर असलेले उंच मनोरे ठरलेल्या क्षणी स्पंद सोडत आणि ते जहाजावर किती फरकाने पोहोचले त्यावरून जागा कळे. लोरानच्या लहरी १०० किलोहर्ट्झच्या, म्हणजे तीन किलोमीटर लांबीच्या. त्या पृथ्वीच्या गोलाईला धरून हजार किलोमीटरपर्यंत जाऊ शकतात. भारतातही ध्रांगध्रा, वेरावळ आणि बिलिमोरा येथील केंद्रांची मुंबई साखळी अरबी समुद्रासाठी उभारली गेली होती.

मग जीपीएस आले. ते अधिक अचूक, जगभर चालणारे आणि वापरणाऱ्याला फुकट. जुने मनोरे सांभाळायला माणसे लागत, सुटे भाग मिळेनासे झाले, खर्च डोळ्यांवर येऊ लागला. अमेरिकेने २०१० साली लोरानचे प्रक्षेपण थांबवले. ब्रिटनने मात्र त्याची सुधारित आवृत्ती, ‘ई-लोरान’, पूर्व किनाऱ्यावरील जहाजांसाठी वापरून पाहिली. पण हे काम एकट्याचे नव्हते. जागा काढायला शेजारी देशांचे मनोरेही लागत. २०१५च्या अखेरीस नॉर्वे, फ्रान्स आणि इतरांनी आपली केंद्रे बंद केली आणि ब्रिटनचीही सेवा संपली. काही ठिकाणी मनोरे पाडून टाकण्यात आले. विमानांच्या बाबतीतही युरोपीय संघाच्या नियमानुसार ६ जून २०३०पासून बहुतांशी उपग्रहांवर विसंबलेली नवी पद्धत हीच नेहमीची राहील. व्हीओआरसारखी जुनी साधने फक्त अडचणीच्या वेळेपुरती.

डीजेपुढे स्टेथोस्कोप

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर असतात. त्यांच्या प्रक्षेपणाची ताकद जुन्या पद्धतीच्या घरगुती बल्बएवढी. जमिनीवर पोहोचेपर्यंत ती इतकी क्षीण होते, की आपल्या फोनच्या वाट्याला एका वॅटच्या अब्जाव्या भागाचाही जेमतेम कोट्यंश येतो. हा संकेत ऐकणे म्हणजे शांत खोलीत स्टेथोस्कोपने हृदयाचे ठोके ऐकण्यासारखे आहे. शेजारी वरातीचा डीजे लागला की ठोके बंद पडत नाहीत, ऐकू येत नाहीत इतकेच. याला ‘जॅमिंग’ म्हणतात.

‘स्पूफिंग’ त्याहून वाईट. तिथे खोटा संकेत पाठवला जातो आणि यंत्र तो खरा मानते. दुसऱ्याच रुग्णाचा ईसीजी आपल्या फाइलला लागावा, तसा हा प्रकार. कागद नीटनेटका, आकडे स्पष्ट, पण निष्कर्ष चुकीचा.

२००८ साली ब्रिटनच्या दीपगृह विभागाने फ्लॅम्बरो हेडजवळ आपल्याच ‘पोल स्टार’ या जहाजावर मुद्दाम जॅमिंग करून पाहिले. जागा दाखवणारे यंत्र बंद पडेल, हे अपेक्षितच होते. पण जीपीएसची माहिती गुपचूप वापरणारी इतर यंत्रेही एकामागोमाग इशारे देऊ लागली. कोणते यंत्र कशावर अवलंबून आहे हे ते बंद पडेपर्यंत लक्षात येत नाही. ई-लोरान मात्र चालू राहिले. त्याचा संकेत उपग्रहांच्या संकेतापेक्षा लाखो पटींनी जोरदार असतो. तो दाबायला प्रचंड यंत्रणा लागते.

प्रश्न फक्त जागेचा नाही, वेळेचाही आहे. मोबाइलचे मनोरे, विजेचे जाळे आणि बँकांचे व्यवहार उपग्रहांकडून अचूक वेळ घेतात. २६ जानेवारी २०१६ रोजी काही जीपीएस उपग्रहांच्या वेळेत सेकंदाच्या १३ दशलक्षांश एवढी चूक शिरली आणि अनेक देशांतील दूरसंचार यंत्रणांत धोक्याचे इशारे वाजले. युरोपची स्वतःची ‘गॅलिलिओ’ यंत्रणा जुलै २०१९मध्ये जवळपास आठवडाभर बंद होती.

आता अनेक देशांचे उपग्रह आहेत, भारताचा ‘नाविक’ही आहे, मग चिंता कशाला, असे कोणी विचारेल. एक बिघडला तर दुसरा उपयोगी पडतो, हे खरे. पण सगळ्यांचे संकेत तितक्याच उंचीवरून किंवा त्याहून वरून येतात आणि तितकेच क्षीण असतात. वीज गेल्यावर एकाऐवजी दोन चष्मे असून काय उपयोग? तिथे तळपायाची संवेदनाच कामी येते. पर्याय निव्वळ दुसरा असून चालत नाही, तो वेगळ्या जातीचा असावा लागतो.

युरोपला हे उमगू लागले आहे, पण निर्णय अजून दोलायमान आहे. ब्रिटनने २०२३ साली ई-लोरान पुन्हा उभारण्याचा मानस जाहीर केला. बाल्टिक देश किनाऱ्यावरच्या जुन्या रेडिओ केंद्रांतूनच जागा ठरवता येईल का, याचे प्रयोग करत आहेत. पाडलेला मनोरा पुन्हा उभा करायचा तर जागा, पैसा आणि मुख्य म्हणजे ते काम येणारी माणसे लागतात.

आपल्या अंगणात

हे सगळे दूरचे वाटत असेल, तर आपल्या देशाकडे पाहावे. नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२५ या काळात जीपीएस अडथळ्याच्या ४६५ घटना नोंदल्या गेल्याचे केंद्रीय नागरी हवाई वाहतूक राज्यमंत्री मुरलीधर मोहोळ यांनी लोकसभेत सांगितले होते. त्यांपैकी बहुतेक अमृतसर आणि जम्मू परिसरातल्या. डिसेंबर २०२५मध्ये सरकारने संसदेत मान्य केले, की दिल्लीत जीपीएसच्या आधारे उतरणाऱ्या काही विमानांना खोट्या संकेतांचा त्रास झाला. जमिनीवरच्या पारंपरिक साधनांनी उतरणाऱ्या विमानांना मात्र बाधा झाली नाही. अशी किमान साधने देशात कायम राखली जात आहेत, असेही सरकारने सांगितले. ही बातमी फार कोणी वाचली नसेल, पण ती महत्त्वाची होती.

गोंदिया जिल्ह्यात बिरसीला ब्रिटिशकालीन विमानतळ आहे, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधलेला. तिथे आता वैमानिक घडवले जातात. जिल्ह्याच्या आकाशात घिरट्या घालणारी छोटी विमाने गोरेगावच्या पोरांना नवी नाहीत. वरून पाहणाऱ्याला इथे खुणांची कमी नाही: हावडा-मुंबई रेल्वेमार्ग, वैनगंगा, नवेगावबांधचे मोठे पाणी, मामा तलाव, नागझिऱ्याचे जंगल. नकाशा, होकायंत्र आणि घड्याळ घेऊन उडायला शिकणे ही या प्रशिक्षणाची जुनी पायरी. पडद्यावर सगळे आयते दिसत असताना हे कशाला, असे शिकाऊ वैमानिकाला वाटू शकते. उत्तर तार्तूने दिले आहे.

जमिनीवरही तेच. रोवणीच्या दिवसांत बांधीत कोणाला साप चावला, की ‘१०८’ला फोन जातो. राज्यात २०१४ साली सुरू झालेल्या या सेवेच्या गाड्यांचा माग उपग्रहांच्या मदतीने ठेवला जातो आणि त्यामुळे वेळ वाचतो, यात शंका नाही. पण जंगलालगतच्या टोलीवर फोनला रेंज नसते, नकाशात रस्ता नसतो. तिथे कामी येतो तो वाट तोंडपाठ असलेला चालक, रुग्ण नेमका कोणत्या घरात आहे हे सांगणारी आशाताई आणि फाट्यावर टॉर्च घेऊन उभा राहिलेला शेजारी. गावाने ठरवले तर ही तयारी आजही करता येते: फोनवर सांगायच्या ठळक खुणा ठरवाव्यात, त्या घरातल्या प्रत्येकाला पाठ असाव्यात, फाट्यावर स्पष्ट पाटी असावी.

बी-१२ची कमतरता वेळीच ओळखली तर मज्जातंतूंचे बरेचसे नुकसान टाळता येते. फार उशीर झाला तर इंजेक्शने देऊनही तळपायाची गेलेली जाणीव पूर्ण परत येत नाही. म्हणून ही तपासणी रुग्ण पडण्याआधी, उजेडात, कोणीतरी हात धरायला उभे असताना करायची असते. युरोपला ती संधी मिळाली आहे. आपल्याकडची साधने अजून उभी आहेत. ती जुनी झाली म्हणून काढून टाकण्याआधी एकदा डोळे मिटून पाहावे.