एक वाव आणि एक हात

पावसाळ्यात दौंडचे नाव वर्तमानपत्रांत रोज झळकते, ते भीमेच्या विसर्गामुळे. उजनीत किती पाणी येणार, याचा अंदाज दौंडच्या आकड्यावरून बांधला जातो. शिरूरला तर जुनी मंडळी अजूनही घोडनदी म्हणूनच ओळखतात. तरीही पेठेतल्या माणसाचा नदीशी संबंध बहुधा घाट आणि पूल यांपुरताच राहिला. नव्या पिढीला मात्र कयाक या निमुळत्या, दुहेरी पात्याच्या वल्ह्याने चालणाऱ्या होडीची ओढ लागली आहे. मुंबईच्या कौस्तुभ खाडे यांनी २०१५ मध्ये मुंबई ते गोवा हा सागरी प्रवास कयाकने केल्यापासून हे नाव आपल्याकडेही परिचित झाले.

होडी भाड्याने मिळते. वल्हे मात्र नेमाने जाणाऱ्याने स्वतःचे घ्यावे. येथे निवड करावी लागते. आधुनिक वल्हे फायबर किंवा कार्बनचे असते आणि त्याची पाती रुंद, चमच्यासारखी खोलगट असतात. वरचे पाते वाऱ्याला अडू नये म्हणून दोन्ही पाती बहुधा एकमेकांशी कोनात बसवतात. पारंपरिक वल्हे ग्रीनलंडच्या इनुइट लोकांचे. ते एकाच लाकडातून घडवलेले, सरळ आणि इतके अरुंद की प्रथमदर्शनी त्यावर विश्वासच बसत नाही.

त्याचे माप कापडाच्या व्यापाऱ्याला लगेच उमगेल. दोन्ही बाहू पसरल्यावर बोटांच्या टोकांपर्यंतचे अंतर म्हणजे एक वाव. त्यात कोपरापासून मधल्या बोटापर्यंतचा एक हात मिळवला की वल्ह्याची लांबी झाली. वाव १६८ सेंटिमीटर आणि हात ४५ असेल, तर वल्हे २१३ सेंटिमीटरचे. पात्याची रुंदी मुठीत मावेल तेवढीच, म्हणजे आठ-नऊ सेंटिमीटर. आपल्याकडे १९५८ पासून मेट्रिक मापे टप्प्याटप्प्याने आली आणि हात, वाव मागे पडले, ते योग्यच झाले. गिऱ्हाइकाला दुकानदाराच्या हाताने मोजून देणे न्याय्य नव्हे. पण ज्याचे वल्हे त्याच्याच अंगाच्या मापाचे असावे, यात मात्र मोठे शहाणपण आहे.

अरुंद पात्याने पाणी ओढले जाईल का, ही शंका हिशोबाने फिटते. नऊ सेंटिमीटर रुंद आणि ऐंशी सेंटिमीटर लांब पाते म्हणजे ७२० चौरस सेंटिमीटर. टोकांकडचा निमुळतेपणा वजा केला तरी ते रुंद पात्याच्या जवळपास येते. क्षेत्रफळ तेच, फक्त लांबीत पसरलेले. मात्र पाते पूर्ण बुडावे लागते. हा भार हळूहळू चढत असल्याने खांद्याला सुरुवातीचा झटका कमी बसतो. पन्नाशी ओलांडलेल्यांनी या वल्ह्याचा विचार करावा, तो यासाठी.

पहिला अर्धा तास बहुधा निराशेचा जातो. रुंद पात्याच्या सवयीने ओढ घेतली की हे पाते पाण्यात थरथरते आणि होडी जागच्या जागी डोलते. पात्याची वरची कड किंचित पुढे झुकवून ते आत सोडले की थरथर थांबते, आवाजही जवळजवळ होत नाही. हे कळायला एक-दोन दिवस लागतात. तेवढा धीर नसेल, तर आधुनिक वल्हेच बरे. खडकाळ, उथळ किंवा खळाळत्या पाण्यातही तेच घ्यावे. उन्हाळ्यातील घोड नदीच्या पात्रात लांब पाते तळाला लागेल. चिंचणीच्या घोड धरणासारख्या खोल, संथ जलाशयाचे पाणी त्याला मानवते. तेथे उतरण्यापूर्वी परवानगीची चौकशी अर्थातच करावी. जलपर्णीपुढे दोन्ही वल्ही सारखीच हतबल.

कयाक मुळात शिकारीचे साधन. तिच्या सांगाड्यावर सीलचे कातडे चढवत आणि वल्ह्याच्या टोकांना हाड बसवत. आपल्या घरांत हे ऐकून कपाळावर आठी पडणे स्वाभाविक आहे. आज मात्र वल्ह्याला निव्वळ लाकूड पुरते. ग्रीनलंडच्या किनाऱ्यावर मोठी झाडे नाहीत. सायबेरियाच्या नद्यांतून समुद्रात वाहत आलेली लाकडे वेचून तेथील लोक वल्ही घडवीत. आपल्याकडे हलके, सरळ रेषांचे, बिनगाठीचे लाकूड निवडून कुशल सुतार ते करू शकेल. वरून जवसाच्या तेलाचे दोन-तीन हात द्यावेत. व्हार्निश टाळावे, कारण ओल्या हातातून ते निसटते.

कोणतेही वल्हे असो, अंगात लाइफ जॅकेट हवेच, आणि दौंडचा विसर्ग वाढल्याची बातमी असेल त्या दिवशी होडी काठावरच ठेवावी.