उभ्या गाडीची बॅटरी आणि घरचा हिशेब

आपल्या वस्त्यांतून, चाळींसमोर, म्हाडाच्या इमारतींखाली आता चारचाकी गाड्या उभ्या दिसतात. ज्यांच्या वडिलांनी उभा जन्म दुसऱ्याच्या गाडीचे स्टिअरिंग धरले, त्यांच्या मुलांनी बँकेचे कर्ज काढून, नाहीतर जुन्या बाजारात हिंडून एखादी सेकंडहँड आल्टो किंवा वॅगन-आर घेतली आहे. ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु या गाड्या चालतात किती? मुंबई, ठाणे, कल्याणकडील नोकरदार माणूस कामावर लोकलने नाहीतर बसने जातो. रोजचे पेट्रोल परवडत नाही आणि कामाच्या ठिकाणी गाडी लावायला जागा मिळत नाही. गाडी निघते ती लग्नकार्याला, मे महिन्यात गावी जाताना, किंवा घरात कोणी आजारी पडले तर. बाकीचे दिवस ती धूळ खात उभी असते. आणि नेमक्या गरजेच्या वेळी चावी फिरवावी, तर नुसता 'टक्-टक्' आवाज येतो. बॅटरी उतरलेली असते.

आमच्या पाहण्यातील एका कुटुंबावर हा प्रसंग रात्री दोन वाजता आला. घरातील आजोबांना धाप लागली होती. गाडी दारात होती, पेट्रोल होते, चालवणारा मुलगाही घरात होता. पण गाडी सेल्फ घेईना. चार पोरांनी धक्का मारला, पंधरा-वीस मिनिटे गेली, शेवटी नाक्यावरून रिक्षा आणावी लागली. आजोबा वाचले. पण ज्या कामासाठी पोटाला चिमटा घेऊन हप्ते भरले, त्याच कामाला गाडी आली नाही, ही खंत त्या घरात राहिली. म्हणून हा विषय केवळ गाडीवाल्यांचा नाही, घरातील सर्वांचा आहे. (अशा वेळी धक्का मारण्यात वेळ न घालवता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिकेला आधी फोन करावा, हेही येथेच सांगून ठेवतो.)

बॅटरीचे पासबुक

पुष्कळांचा समज असा, की गाडी उभी आहे म्हणजे बॅटरीला विश्रांती आहे. हा समज चुकीचा आहे. उभ्या गाडीतही घड्याळ चालते, टेपची मेमरी जागी असते, सेंट्रल लॉक चावीच्या बटणाची वाट पाहत असते आणि इंजिनावर देखरेख करणारा छोटा संगणकही थोडी वीज घेतच असतो. जुन्या फियाट-अँबेसिडरच्या काळात ही भानगड फारशी नव्हती. आजच्या गाडीत आहे.

आम्ही हिशेबाची माणसे. म्हणून हिशेबाच्या भाषेत सांगतो. लहान पेट्रोल गाडीत साधारणतः ३५ अँपिअर-तासांची बॅटरी असते. म्हणजे खात्यात ३५ रुपये शिल्लक आहेत असे समजा. उभी गाडी साधारणपणे २० ते ५० मिलीअँपिअर वीज घेत असते. ५० मिलीअँपिअर म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-तास. रोज सव्वा रुपया खात्यातून जातो आणि भरणा मात्र शून्य. १५ दिवसांत निम्मी शिल्लक संपली! खर्च २० मिलीअँपिअर धरला तरी पाच आठवड्यांत तीच गत होते.

यात आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. गाडी सुरू करायला वीज फार लागत नाही. दोन-तीन सेकंदांच्या सेल्फला अँपिअर-तासाचा जेमतेम दहावा हिस्सा जातो. पण ती सगळी एका दमात लागते, शंभर-दीडशे अँपिअर. निम्म्यावर आलेली, त्यातून जुनी बॅटरी ही एकरकमी मागणी पुरी करू शकत नाही. म्हणूनच दिवे लागतात, हॉर्न वाजतो, पण इंजिन फिरत नाही.

दुसरे नुकसान यापेक्षा मोठे आहे. बॅटरी उतरते तेव्हा आतील शिशाच्या प्लेटांवर लेड सल्फेटचा थर बसतो. लगेच चार्ज केली तर तो विरघळून जातो. पण बॅटरी आठवडेच्या आठवडे उतरलेलीच राहिली, तर त्या थराचे कडक खडे होतात आणि मग चार्जर लावूनही पहिली ताकद परत येत नाही. तीन-चार वर्षे टिकणारी बॅटरी दीड वर्षात भंगारात जाते. दिनांक २५ मार्च २०२० पासून टाळेबंदी लागली, तेव्हा आठवडेच्या आठवडे जागेवर उभ्या राहिलेल्या किती गाड्यांनी नंतर सेल्फ घेतला नाही, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. नव्या बॅटरीला काही हजार रुपये पडतात. एवढ्यात एखाद्या मुलाच्या वह्या-पुस्तकांचा वर्षाचा खर्च निघतो.

चोर कोण?

कंपनीने बसविलेल्या वस्तूंचा खर्च ठरलेला असतो. खरी गळती होते ती आपण मागाहून बसवून घेतलेल्या वस्तूंमुळे. बाजारातून आणलेला अलार्म, काचेवरचा कॅमेरा, जीपीएस, मोठ्या आवाजाचा अँप्लिफायर, शोभेचे एलईडी दिवे. बसविणारा घाईत असतो. तो वायर थेट बॅटरीला जोडून मोकळा होतो. चावी काढली तरी ती वस्तू वीज घेतच राहते. कोणतीही वस्तू बसवताना 'चावी बंद केल्यावर हिचा करंट बंद झाला पाहिजे' असे कारागिराला आधीच बजावावे. सेकंडहँड गाडी घेणाऱ्यांनी तर आधीच्या मालकाने काय काय जोडले आहे, हे एकदा ऑटो इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे. 'उभ्या गाडीचा करंट मोजून द्या' एवढे म्हटले की त्याला समजते.

दुसरा चोर म्हणजे आपला विसरभोळेपणा. गाडीच्या आतला ५ वॅटचा लहान दिवा रात्रभर राहिला तर चारएक अँपिअर-तास जातात. डिकी नीट लागली नाही, तर तिच्यातला दिवा तीन दिवस कोणाला कळतही नाही. पुढचे दोन्ही हेडलाईट चालू राहिले, तर तीन-साडेतीन तासांत ३५ची बॅटरी पार मोकळी होते. गाडी लावल्यावर दिवे, दारे, डिकी पाहूनच घरी यावे. मोबाईलचा चार्जरही सॉकेटमधून काढून ठेवावा.

रोज पाच मिनिटे चालू ठेवून भागते का?

अनेक जण रोज सकाळी गाडी जागेवरच पाच मिनिटे चालू करून बंद करतात आणि बॅटरीची काळजी घेतली असे समजतात. आमच्या मते हा तोट्याचा व्यवहार आहे. बॅटरी भरणारा अल्टरनेटर इंजिन मंद गतीवर असताना कमी वीज देतो. त्यातली बरीचशी पेट्रोल पंप, पंखा, दिवे यांतच खर्च होते. पाच मिनिटांत फार तर सेल्फचा खर्च भरून निघतो, उभ्या गाडीची रोजची गळती भरून निघेल याची खात्री नाही. शिवाय पेट्रोल जळते, इंजिन पुरते तापत नाही आणि सायलेन्सरमध्ये पाणी साचून तो गंजतो. बंद गॅरेजमध्ये असे करणे तर जिवावर बेतू शकते, कारण धुरातील कार्बन मोनॉक्साईड विषारी असतो आणि त्याला वासही नसतो.

मग करावे काय? गाडी किती दिवस उभी राहणार, त्यावर उपाय ठरवावा.

१) आठवडाभर उभी राहणारी गाडी: आठवड्यातून एकदा, रविवारी सकाळी म्हणा, ३० ते ४० मिनिटे रस्त्यावर चालवावी. शक्य तो मोकळ्या रस्त्याने, एसी बंद ठेवून. बाजारहाट, नातलगांकडे जाणे याच वेळी उरकले तर पेट्रोल वाया जात नाही. टायर आणि ब्रेकही यामुळे चांगले राहतात.

२) तीन आठवड्यांहून अधिक उभी राहणारी गाडी: बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवावी. याला एक पैसा लागत नाही. बहुतेक लहान गाड्यांना दहा नंबरचा पाना चालतो. मात्र बटणावर सुरू होणाऱ्या नव्या गाड्यांत हे काम गाडीची पुस्तिका पाहूनच करावे.

३) जवळ विजेचा प्लग असेल तर: बॅटरी भरताच आपोआप थांबणारा लहान चार्जर मिळतो, तो लावावा. गाडी रस्त्यावर असेल तर दोन-तीन महिन्यांतून एकदा बॅटरी काढून दुकानात हळू चार्ज करून घ्यावी. ३५च्या बॅटरीला तीन-साडेतीन अँपिअरचा करंट दहा-बारा तास, असा साधा नियम आहे. वायर काढून ठेवलेली बॅटरीही आपोआप थोडी थोडी उतरत असते, आणि उन्हाळ्यात जास्तच. म्हणून हे करणे आहेच.

वायर काढण्याची रीत

हे काम घरातील भगिनींनीही शिकून घ्यावे असा आमचा आग्रह आहे. चालवणारा मुलगा बाहेरगावी ड्युटीवर असतो, गाडी मात्र घरीच असते.

आधी इंजिन बंद, चावी बाहेर. हातातील अंगठी, धातूचे कडे, बांगडी, घड्याळ काढून ठेवावे. बॅटरीवर (–) खूण असलेली, बहुधा काळी वायर, ती आधी सैल करून काढावी. जोडताना उलट: लाल (+) काढलेली असेल तर ती आधी, काळी शेवटी. याचे कारण साधे आहे. गाडीचा सारा पत्रा निगेटिव्हला जोडलेला असतो. काळी वायर तशीच ठेवून लाल खोलायला गेलात आणि पाना पत्र्याला टेकला, तर मोठी ठिणगी उडते, हात भाजतो. काढलेल्या वायरीचे टोक फडक्यात गुंडाळून बाजूला बसवावे.

वायर काढल्यावर घड्याळ शून्यावर येते, टेपमधली स्टेशने पुसली जातात. काही टेप कोड नंबर मागतात, तो आधी लिहून ठेवावा. अलार्म आणि सेंट्रल लॉक चालत नाहीत, तेव्हा दारे हाताने किल्लीने लावून घ्यावीत. इंजिन चालू असताना वायर काढून 'चार्जिंग होते का' पाहण्याची जुनी पद्धत काही गॅरेजांतून दिसते. आजच्या गाडीत असे मुळीच करू देऊ नये, अल्टरनेटर आणि संगणक दोन्ही जळू शकतात.

महिन्याची पाहणी

काही शे रुपयांत मिळणारा मल्टीमीटर दोन-चार घरांत मिळून घेतला तरी चालेल. गाडी काही तास उभी असताना बॅटरीचे व्होल्ट मोजावेत. १२.६ किंवा अधिक म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी. १२.० च्या आसपास असेल तर त्याच दिवशी चार्ज करावी. इंजिन चालू केल्यावर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले पाहिजेत. न दिसल्यास दोष चार्जिंगमध्ये आहे. अशा वेळी नवी बॅटरी घेऊन उपयोग नाही.

टोकांवर पांढरी-हिरवी भुकटी जमली असेल तर वायरी काढून कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून जुन्या ब्रशने टोके साफ करावीत. सोड्याचे पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये. वाळल्यावर व्हॅसलीनचा हात द्यावा. झाकणे असलेल्या बॅटरीत पाणी खुणेच्या खाली गेले असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे. नळाचे नको, फिल्टरचे नको आणि ऍसिड तर नकोच. चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन वायू निघतो, तो पेट घेतो. जवळ विडी-काडी, गॅसची शेगडी नसावी. ऍसिड अंगावर उडाले तर भरपूर पाण्याने धुवावे.

इतके करूनही बॅटरी उतरलीच, तर दुसऱ्या गाडीवरून जंप केबलने सुरू करता येते. क्रम पाठ करावा: लाल केबलचे एक टोक उतरलेल्या बॅटरीच्या (+) ला, दुसरे चांगल्या बॅटरीच्या (+) ला, काळीचे एक टोक चांगल्या बॅटरीच्या (–) ला, आणि शेवटचे टोक बंद गाडीच्या इंजिनावरील उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून दूर. काढताना याच्या उलट. सुरू झालेली गाडी लगेच बंद करू नये आणि त्याच दिवशी बॅटरी चार्जरवर लावून पूर्ण भरावी. एका फेरीत ती भरत नाही.

जुन्या बॅटरीचे काय?

बॅटरी कायमची गेली तर भंगारवाल्याला वाटेल त्या भावाने देऊ नका. नवी घेताना जुनी दुकानदाराकडेच जमा करावी, किंमतीत सूटही मिळते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे जुन्या बॅटरीची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. गल्लीबोळात बॅटऱ्या फोडून शिसे वितळवणारे हात आपल्यासारख्याच गरिबांचे असतात, आणि त्या धुराने, धुळीने लहान मुलांच्या मेंदूची वाढ खुंटते. शिशाचे कोणतेही प्रमाण मुलांना सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे आहे. थोड्या पैशांसाठी हे विष आपल्याच वस्तीत सोडण्यात शहाणपण नाही.

शेवटी एक साधी सूचना करतो. घरातील कॅलेंडरवर गाडी ज्या तारखेला चालवली त्या तारखेला गोल करावा. दोन गोलांमध्ये सातहून अधिक दिवस गेले, की घरातील कोणीही चावी उचलावी, नाहीतर दहा नंबरचा पाना. हा हिशेब दर आठवड्याला ठेवला तर गाडी अडीअडचणीला उपयोगी पडेल.