श्रेणी, फड आणि संगणक

संगणकाचे प्रोग्राम लिहिण्याची विद्या पुस्तकातून येते, हा समज आधी दूर केला पाहिजे. मी जुन्नर तालुक्यातल्या एका वस्तीतला. आज पुण्यात हेच काम करतो. पदवीने मला कचेरीच्या दारापर्यंत आणले. काम शिकवले ते शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्याने.

याला कारण आहे. या धंद्यातली हत्यारे चार-पाच वर्षांत बदलतात. पुस्तक छापून येईतो ती जुनी होतात. म्हणून एकाने लिहिलेला कोड दुसऱ्याने वाचायचा, चूक दाखवायची, असे का लिहिले ते विचारायचे, ही रीत पडली. अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली मुक्त सॉफ्टवेअरची मोहीम जाहीर केली. १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने आपले लिनक्स सर्वांपुढे ठेवले. अट एवढीच : घ्या, वाचा, बदला; पण बदललेले दुसऱ्याला द्याल तेव्हा हीच मोकळीक त्यालाही द्या. हजारो अनोळखी माणसे एकमेकांचे लिहिलेले वाचून शिकली ती या अटीच्या बळावर.

ही कल्पना आपल्या मातीला परकी नाही. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत बौद्ध लेणी आहेत. त्यांतल्या शिलालेखांत कारागिरांच्या व व्यापाऱ्यांच्या श्रेणींची नावे येतात. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याची पोढी दान दिली. बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे धर्मकार्यासाठी ठेव ठेवल्याची नोंद आहे. म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी बांबूकामगारांची संघटना लोकांनी विश्वासाने ठेव ठेवावी इतकी भक्कम होती. आज महाराष्ट्रात बांबूकाम करणारा बुरूड अनुसूचित जातींच्या यादीत आहे. या दोन नोंदींमधल्या अंतरात जातिव्यवस्थेचा इतिहास दडलेला आहे. धंदा जन्माला बांधला गेला, तो करणाऱ्याची पत गेली आणि विद्येला कुंपण पडले.

कुंपणाबाहेरही माणसे एकमेकांपासून शिकतच राहिली. नारायणगावच्या तमाशाचे उदाहरण घ्या. मांग, महार, कोल्हाटी कलावंतांनी ढोलकी, गाणे, सोंगाड्याची हजरजबाबी ही सगळी विद्या फडातच मिळवली. कानाने ऐकून, डोळ्यांनी पाहून. पाडव्याच्या सुमारास नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे पंच जत्रेची सुपारी ठरवायला तिथे येतात. कोणता फड कुठे जाणार, कोणाकडे गडी कमी आहे, याच्या बातम्या तिथेच फिरतात. ज्याला आज इंग्रजी वळणाने नेटवर्किंग म्हणतात, ते या राहुट्यांत पूर्वीपासून चालत आले आहे.

त्याच नारायणगावाजवळ खोडदला रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. १४ मध्यभागी सुमारे एक चौरस किलोमीटरात, १६ तीन भुजांवर सुमारे २५ किलोमीटरांच्या पसाऱ्यात. एकटी तबकडी आकाशाचे बारीक चित्र काढू शकत नाही. प्रत्येकीने टिपलेला संकेत दुसरीच्या संकेताशी ताडून पाहावा लागतो. अशा जोड्या होतात ४३५. हे ताडण्याचे काम पूर्वी खास बनवलेले यंत्र करी. २०१० च्या सुमारास ते बाजारात मिळणाऱ्या संगणकांच्या समूहावर, लिनक्सच्या आधारे, प्रोग्राम लिहून होऊ लागले. जगभरच्या माणसांनी वाटून घेतलेली विद्या अशी खोडदच्या शिवारात कामाला आली.

मग आमच्या पोरांचे अडते कुठे? कोड सर्वांना खुला आहे, हे खरे. पण उघडे दार दिसायलाही कोणीतरी बोट दाखवावे लागते. काय विचारायचे, कोणाला विचारायचे, हे सांगणारा मामा किंवा थोरला भाऊ ज्याच्या घरात आहे तो पुढे जातो. नोकऱ्याही ओळखीच्या शिफारशीने भरतात, आणि ओळखी जातीच्या गोतावळ्यात फिरतात. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी खासगी कंपन्यांना पाठवले होते. दलित आडनावाला बोलावणे येण्याची शक्यता कमी भरली. मलाही एका मुलाखतीत कामाआधी ‘पूर्ण नाव?’ आणि मग ‘म्हणजे मूळचे कोण?’ असे विचारले गेले. समुद्र ओलांडूनही हे सुटत नाही. २०२० साली कॅलिफोर्निया राज्याच्या खात्याने सिस्को कंपनीवर जातिभेदाचा दावा लावला. २०२३ साली सिअ‍ॅटल शहराने जातिभेदाला कायद्याने बंदी केली. कायदा हवाच. पण कायदा कोणाला शेजारी बसवून शिकवीत नाही; ते आपणच केले पाहिजे.

बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापूरला वसतिगृह काढले. वसतिगृहात निवारा मिळतो, तसा शेजारही मिळतो, आणि रात्री कंदिलाशी बसून एक मुलगा दुसऱ्याला गणित सांगतो. तोच शेजार आज जुन्नर, मंचर, घोडेगावच्या विहारांत आणि समाजमंदिरांत उभा करता येईल. आठवड्याला दोन तास पुरेत. ज्याची अडचण सुटली त्याने ती मराठीत सामायिक वहीत लिहावी. आडनाव विचारू नये. जो नोकरीला लागला त्याने दर आठवड्याला एका नवख्याचा कोड वाचावा, आणि जागा निघाली की आपल्या भाच्याआधी सर्वांना सांगावे. घोडेगावला आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे. पश्चिमेकडच्या डोंगरातली महादेव कोळ्यांची मुले-मुली शिकायला खाली येतात. त्यांना या बैठकीत पाहुण्याची नव्हे, घरच्याची जागा असावी. नाहीतर आम्हीही नवे कुंपणच घालू.

आम्ही काही जण रविवारी असे बसतो. संगणक दोन, माणसे नऊ. ज्याला कालपर्यंत काही येत नव्हते तो आज दुसऱ्याला सांगतो, आणि सांगताना त्याला स्वतःलाच नीट कळते. विद्या वाटल्याने कमी होत नाही, हे सुभाषित शाळेच्या भिंतीवर आम्ही पुष्कळ वाचले. ती ज्यांच्यात वाटली जात नव्हती, त्यांनी आता ते खरे करून दाखवायचे आहे.