लढाई न झालेल्या मैदानांचे नकाशे

१७७८ साली फ्रान्सने अमेरिकेतल्या बंडखोर वसाहतींची उघड बाजू घेतली आणि फ्रेंच फौजा खाडी ओलांडून कधीही दक्षिण किनाऱ्यावर उतरतील, ही धास्ती इंग्लंडला लागली. बऱ्याचशा कवायती पलटणी समुद्रापार होत्या. मग परगण्यापरगण्यांतून चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या मिलिशियाच्या शिपायांना केंटमधल्या कॉक्सहीथ आणि एसेक्समधल्या वॉर्लीच्या माळरानांवर उन्हाळाभर तंबूंत ठेवून कवायत शिकवायचे ठरले. एकट्या कॉक्सहीथवर पंधरा हजारांच्या आसपास माणसे होती. लंडनचे बडे लोक बग्गीतून छावणी बघायला येत, नाटककार शेरिडनने त्याच वर्षी ‘द कॅम्प’ नावाचे नाटक रंगभूमीवर आणले, राजा तिसरा जॉर्ज स्वतः दोन्हीकडे पाहणीला आला. या छावण्यांचे हाताने काढलेले, रंगवलेले नकाशे आजही जपलेले आहेत. जिथे एकही लढाई झाली नाही त्या माळांचे इतके नेटके नकाशे काढण्याचे कारण काय? ते राजाला नजर करण्याची शोभेची चीज होते, असे उत्तर सहज दिले जाते. मला ते पटत नाही. या छावण्यांत शिपाई जेवढे शिकले तेवढेच त्यांना हलवणारे अधिकारीही शिकले, आणि त्यांचा अभ्यास या नकाशांच्या रूपाने उरला आहे.

नकाशा जवळून पाहिला की मुद्दा ध्यानात येतो. सगळ्यात पुढे पहाऱ्याची जागा. तिच्या मागे पलटणीची निशाणे रोवायची रेघ, मग कंपनीवार लावलेल्या तंबूंच्या ओळी आणि त्यांच्यामधल्या गल्ल्या, त्यामागे अधिकाऱ्यांचे तंबू, आणि अगदी पाठीला स्वयंपाकाची जागा व माल विकणाऱ्यांची पाले. बारकाईने काढलेल्या आराखड्यांत ही स्वयंपाकाची जागा लहान वर्तुळांनी दाखवलेली असते, कारण चुली खरोखरच तशा असत. गोल चर खणायचा, निघालेली माती मधोमध रचायची आणि चराच्या आतल्या कडेला चुली कोरायच्या. या मांडणीत एक पक्का हिशेब आहे. लढाईच्या रांगेत उभ्या राहिलेल्या पलटणीला जेवढी रुंदी लागते, तेवढीच रुंदी तिच्या तंबूंना द्यायची. रात्री नगारा झाला की शिपायाने आपल्या गल्लीतून पुढे निशाणांच्या रेघेवर यायचे, की लढाईची फळी तयार. म्हणजे छावणी ही मुक्कामाला टेकलेली लढाईची रांगच असते, आणि तिचा नकाशा काढणाऱ्याला प्रत्येक पलटणीचे संख्याबळ ठाऊक असावेच लागते.

यावर कोणी म्हणेल, हे सारे छापील पुस्तकांत होतेच. खरे आहे, लुईस लोशे याने छावणीच्या आखणीवर लिहिलेला ग्रंथ त्याच १७७८ सालचा. पण पुस्तकातली जमीन सपाट असते. खऱ्या माळाला उतार असतो, मधूनच ओढा आडवा जातो, कुठे कुणाच्या शेताचे कुंपण येते, कुठे गावचा रस्ता रांग तोडतो. पुस्तकातला चौकोन त्या जमिनीवर बसवताना कुठे वाकवायचा, कोणत्या पलटणीला पाण्यापासून किती लांब ठेवायचे, तोफखाना कोणत्या उंचवट्यावर आणायचा, हे निर्णय पुस्तक देत नाही. जमीन साखळीने आणि पावलांनी मोजायची, कच्चा आराखडा मैदानावरच करायचा, मग टेबलापाशी बसून शाईने रेघा पक्क्या करायच्या आणि कुंचल्याच्या फिकट-गडद फटकाऱ्यांनी चढउतार दाखवायचे. हाताने नकाशा काढताना प्रत्येक उताराजवळ थांबावेच लागते, आणि शिकवणी तिथेच होते.

माणसे पाहिली तरी हेच दिसते. १७७८ ते १७८२ या काळात दक्षिण इंग्लंडमधल्या छावण्यांचे नकाशे काढणारा डॅनियल पॅटरसन हा क्वार्टरमास्टर जनरलच्या हाताखालचा अधिकारी. फौजेचा मुक्काम, कूच आणि वाटा ठरवणारे हे खाते. याच पॅटरसनने १७७१ साली इंग्लंडच्या रस्त्यांचे आणि त्यांवरच्या अंतरांचे पुस्तक छापले होते, आणि पुढे कित्येक वर्षे प्रवासी ते खिशात घेऊन फिरत. एका मुक्कामाहून दुसऱ्या मुक्कामाला पलटण किती मैल चालेल हे ज्याला तोंडपाठ होते, त्याच्याकडून केवळ दिवाणखान्यातली चित्रे करून घेतली असतील, हे संभवत नाही.

या कामाची किंमत आपल्याकडच्या एका मोहिमेतून कळते. राजा कॉक्सहीथची पाहणी करत होता त्याच नोव्हेंबरात मुंबईहून इंग्रजी फौज पुण्याकडे निघाली. ती ईस्ट इंडिया कंपनीची, वेगळी फौज होती हे मान्य. पण अडचण तीच, माणसे, बैल, पाणी आणि चारा यांचा मेळ. हजारो बैलांचा काफिला घेऊन ती घाट चढली, रोजची मजल अगदी तोकडी पडत गेली आणि पुढची वस्ती नि चारा मराठ्यांनी आधीच जाळून ठेवला. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला तिला तह करावा लागला. तिथे शौर्यापेक्षा मुक्कामाच्या हिशेबाचा प्रश्न मोठा होता.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. हे नकाशे खोटे बोलतात, असा तो. नकाशावरचे तंबू सुतात ओवल्यासारखे सरळ. चिखल नाही, आजारी शिपाई नाहीत, कपडे धुणाऱ्या बायका नाहीत, बग्ग्यांची गर्दी नाही. हे मी नाकारत नाही. छावणीत माणसे कशी जगली हे शोधायला हा कागद अपुरा आहे, आणि राजाला दाखवायच्या प्रतीवर रंगाचा हात थोडा जास्तच फिरला असेल. पण तंबूंच्या ओळी आदर्श काढल्या म्हणून त्यांच्याखालची जमीनही आदर्श काढली, असे होत नाही. उतार, पाणी आणि वाटा चुकवून चालणारच नव्हते. पुढच्या उन्हाळ्यात दुसरी पलटण तिथेच आणायची तर हाच कागद हातात असायचा. आणि सरावाच्या छावण्या म्हणजे केवळ शोभाच असती तर कुठेही गुप्ततेचे कारण नव्हते. प्रशियाच्या फ्रेडरिकने १७५३ साली स्पांडाऊजवळ सरावाची मोठी छावणी भरवली, तेव्हा बघ्यांना कटाक्षाने दूर ठेवले होते.

जमीन मोजण्याच्या या सरावाचा पल्ला छावणीपुरता राहिला नाही. विल्यम रॉय याने १७४७ पासून स्कॉटलंडच्या लष्करी मोजणीत हात बसवला, पुढे क्वार्टरमास्टर जनरलच्याच खात्यात वरचे पद भूषवले, आणि १७८४ साली लंडनजवळच्या हाउन्स्लोच्या माळावर पाच मैलांहून लांब पायारेषा काटेकोर मोजली. फौजांच्या तळांसाठी वापरला गेलेला जुना माळच तो. त्या रेषेवरून त्रिकोणांचे जाळे वाढत गेले आणि १७९१ साली ब्रिटनचे ऑर्डनन्स सर्वेक्षण सुरू झाले. या साखळीला रॉयची बुद्धी आणि फ्रेंच शास्त्रज्ञांशी असलेली चुरस ही कारणे आहेतच. पण साखळी धरणारे हात लष्करातच तयार झाले होते.

तिसऱ्या जॉर्जच्या संग्रहातले सुमारे तीन हजार लष्करी नकाशे व चित्रे २०२० पासून इंटरनेटवर कुणालाही विनामूल्य पाहता येतात. वाचकांनी ती जरूर उघडावीत. छावणीचा नकाशा दिसला तर पलटणींच्या तांबड्या चौकोनांवर फार वेळ घालवू नका. ओढा कुठे आहे, वाट कुठून येते आणि चुली कुठे मांडल्या आहेत, ते आधी पाहा.