द्रव डिटर्जंटमधील एंझाइमांची राखण

ज्या गोदाकाठी आपण संध्याकाळी व्याख्यान ऐकायला बसतो, त्याच काठावर सकाळी धुणे आपटल्याचा आवाज पिढ्यान्‌पिढ्या घुमत आला आहे. तेव्हा आजचा विषय या जागेला अगदीच परका नाही.

गेल्या उन्हाळ्यातली आमच्या घरची गोष्ट सांगतो. कपडे धुण्याच्या द्रवाची बाटली निम्मी संपली होती. ती पुरवून वापरावी म्हणून आम्ही तीत पाणी भरले आणि बाटली गच्चीवर धुण्याच्या दगडाजवळ ठेवून दिली. तीनचार आठवड्यांनी पाहावे तर फेस होत होता, वासही येत होता, पण नातवाच्या झबल्यावरचे दुधाचे डाग काही केल्या जात नव्हते. घरात सर्वांनी बाटलीला दोष दिला. दोष आमचाच होता. तो कसा, हे समजण्यासाठी बाटलीत डोकावले पाहिजे.

दूध, रक्त, अंडे, घाम यांचे डाग मुख्यतः प्रथिनांचे असतात. कपड्यावर वाळलेले प्रथिन नुसत्या साबणाला दाद देत नाही. त्याचे तुकडेच करावे लागतात. हे काम प्रोटिएज नावाचे एंझाइम करते. मटण शिजवताना कच्च्या पपईची फोड टाकणाऱ्या सुगरणीला हे शास्त्र ठाऊक असते, नाव तेवढे ठाऊक नसते. (हळदीचा डाग मात्र रंगाचा, प्रथिनाचा नव्हे, तेथे प्रोटिएजची मात्रा चालत नाही.) जर्मनीतील रसायनशास्त्रज्ञ ऑटो र्‍योम याने १९१३ साली जनावरांच्या स्वादुपिंडातील एंझाइम धुण्यासाठी वापरण्याचे पेटंट घेतले. परंतु धुण्याच्या पाण्यातला खार त्या एंझाइमाला मानवेना. १९६०च्या सुमारास जीवाणूंपासून खार सोसणारी प्रोटिएजे मिळू लागली, तेव्हा कोठे हा धंदा उभा राहिला.

अशा सोशिक एंझाइमांचा शोध आपल्याकडेही झाला आहे. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर उल्कापाताने घडलेले, आणि त्याचे पाणी अतिशय क्षारधर्मी. त्यातून खार प्रिय असणारे जीवाणू पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील संशोधकांनी वेगळे केले. त्यावरचा निबंध २००२ साली प्रसिद्ध झाला. पुण्याच्याच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत कोनिडिओबोलस नावाच्या बुरशीपासून प्रोटिएज मिळवण्यात आले, आणि बाजारातील डिटर्जंटांच्या सहवासात ते कितपत टिकते याची परीक्षा करणारा निबंध १९९३ साली छापून आला. आपल्या जिल्ह्यात, सिन्नरलाही, एंझाइमे तयार करणारा कारखाना आहे.

एंझाइम मिळवणे ही एक गोष्ट झाली. ते टिकवणे ही दुसरी. पावडरीत हे सोपे असते. एंझाइमाच्या दाण्यावर मेणासारखे वेष्टन चढवले की ते कोरडे राहते, आणि कोरडे एंझाइम झोपलेले असते. द्रवात मात्र ते पाण्यातच राहते, आणि पाणी हीच त्याची कामाची जागा! बाटलीत त्याच्यासमोर डाग नसतो, परंतु प्रथिन असते. कारण एंझाइम स्वतःच प्रथिन आहे. मग ते शेजारच्या एंझाइमांना तोडू लागते आणि आपल्या भाऊबंदांनाही सोडत नाही. कुंपणानेच शेत खावे, तशातला हा प्रकार. त्यात मळ सोडवणारी द्रव्ये प्रथिनाची घडी उलगडतात, आणि नाशिकच्या एप्रिल-मे महिन्यांतला ४० अंशांच्या आसपासचा पारा या सगळ्याच नासाडीला वेग देतो.

यावर रसायनशास्त्रज्ञांनी तीन मुख्य उपाय योजले आहेत. पहिला उपाय आपल्या मोरांब्याचा. मोरांब्यात पाणी असते, पण साखरेने ते बांधून ठेवलेले असते, म्हणून त्यात बुरशीला वाव मिळत नाही. त्याच न्यायाने या द्रवात प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन किंवा सॉर्बिटॉल घालतात. एंझाइमाच्या वाट्याला मोकळे पाणी कमी येते. दुसरा उपाय खिळ्याचा. कॅल्शियमचे थोडेसे अणू प्रोटिएजच्या घडीत ठरावीक जागी बसतात आणि घडी उलगडू देत नाहीत.

तिसरा उपाय मला सर्वांत मार्मिक वाटतो. मळणीच्या वेळी बैलाने कणसात तोंड घालू नये म्हणून शेतकरी त्याला मुसके बांधतो. बैल मारत नाही, त्याचे तोंड तेवढे झाकतो. बोरिक आम्ल किंवा टाकणखार, ग्लायकॉलसारख्या द्रव्याच्या जोडीने, प्रोटिएजच्या तोंडाशी सैलसर बसून हेच काम करतो. युरोपात या बोरॉनयुक्त क्षारांची गणना प्रजननाला अपायकारक द्रव्यांत झाली, म्हणून त्यांच्याऐवजी दुसरी मुसकी शोधण्याकडे कल आहे. पण तत्त्व तेच.

आता हे मुसके काढायचे कोणी? कोणीच नाही, ते आपोआप गळून पडते. पन्नास मिलिलिटर द्रव पंधरा लिटर पाण्यात ओतला की तो तीनशे पट पातळ होतो. सैल बसलेला क्षार पाण्यात पांगतो, ग्लायकॉलचे बंधन सुटते, आणि एंझाइम जागे होऊन डागाला भिडते. बाटलीत बांधलेले आणि बादलीत मोकळे, असे हे सारे कसब आहे.

आमची चूक आता उघड झाली असेल. बाटलीत पाणी भरून आम्ही बादलीतली जाग बाटलीतच आणली. मुसके सुटले, खायला डाग नव्हता, ऊन मात्र भरपूर होते. एंझाइमांनी एकमेकांना संपवले. फेस करणारी द्रव्ये जशीच्या तशी होती, म्हणून फेस होत राहिला आणि आम्ही फसलो. महिन्याचा खर्च वाचवायला घराघरांत हे केले जाते. वाचवायचेच असेल तर बादलीत कमी द्रव घाला. बाटलीत पाणी घालू नका.

बाकीच्या सूचनाही यातूनच निघतात. बाटली सावलीत ठेवावी. कोमट पाणी घ्यावे, कढत नको. उकळत्या पाण्यात एंझाइमाची घडी कायमची मोडते. कपडे अर्धा तास भिजू द्यावेत, कारण एंझाइमाला वेळ लागतो. त्याच बादलीत ब्लीचिंगचे द्रव्य टाकू नये. आणि शेवटची सूचना येवल्याच्या शेजारात राहणाऱ्या नाशिककरांना तरी सांगितलीच पाहिजे. रेशीमही प्रथिनच आहे. दुधाचा डाग आणि पैठणीचा पदर यांतला फरक प्रोटिएजला कळत नाही. तो आपल्याला कळला पाहिजे.