भूकंपानंतर कारखाना चालेल का?

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरात ६.२ परिमाणाचा भूकंप झाला. त्याचे धक्के शेजारच्या बीड जिल्ह्यालाही जाणवले. दख्खनच्या पठाराला भूकंपाचे भय नाही, हा आपला समज तेव्हा मोडला.

बीडमधल्या एखाद्या कापसाच्या जिनिंग कारखान्याचा विचार करू. जमीन अचानक बाजूला सरकते. पण वस्तू जडत्वामुळे जागीच राहू पाहते आणि उंच असेल तर कलंडते. वर्गात वहीवर काडेपेटी उभी करून वही झटक्यात ओढा, पेटी पडेल. तीच डिंकाने चिकटवून वाळू द्या, ती टिकेल. यंत्रे पायाला आणि कपाटे भिंतीला बोल्टने जखडायची ती यासाठीच. हादरा बसताच वीज तोडण्याचे कामही कोणाकडे तरी नेमून द्यावे. कापूस एका ठिणगीने पेटतो.

आता पुढचा प्रश्न: कोणती एक गोष्ट बंद पडली, तर सारे काम थांबेल? तिची पर्यायी सोय आधीच ठरवावी. हिशेबांची एक प्रत दुसऱ्या गावी ठेवावी. हंगामात कारखाना थांबला, तर शेतकऱ्याचा कापूस अडकतो, मजुराची मजुरी बुडते.

किल्लारीत बहुतेक बळी गेले ते दगडमातीच्या जाड भिंती आणि जड माळवदे कोसळल्याने. यंत्र शाबूत राहिले, पण कामगाराचे घरच पडले, तर ते चालवणार कोण? म्हणून कारखान्याच्या तयारीत कामगारांची घरेही आली. आपण सुरुवात शाळेतल्या कपाटांपासून करू या.