गहू सोडला, पण हिंगाच्या डबीचं काय?

स्वारगेटला साताऱ्याची गाडी लागायला अजून अवकाश आहे, पोटात कावळे ओरडताहेत आणि डॉक्टरांनी गहू कायमचा बंद केलेला आहे. अशा माणसानं स्टँडच्या आसपास काय खावं? घरचे म्हणतात, ‘बाहेरचं काहीच नको.’ सोबतचा मित्र म्हणतो, ‘पाव टाकून दे, नुसता वडा खा. बेसनाचाच असतो की!’ दोघंही चुकतात. मित्र जरा जास्तच.

वड्याचं आवरण हरभऱ्याच्या डाळीचं आणि आत बटाटा, इथवर त्याचं खरं आहे. पण त्याच कढईत थोड्या वेळापूर्वी मैद्याचे सामोसे तळून निघालेले असतात. तळणात मैद्यातलं ग्लूटेन हे प्रथिन जळून जात नाही, ते तेलात उतरतं आणि पुढच्या घाण्याला चिकटतं. शिवाय बटाट्याच्या भाजीला हिंगाची फोडणी असते. शुद्ध हिंग इतका उग्र असतो, की रोजच्या वापरासाठी तो पिठात आणि डिंकात बांधावा लागतो. हे पीठ पुष्कळदा गव्हाचंच असतं. डबी फिरवून मागची बारीक अक्षरातली यादी वाचली की कळतं. पथ्य काटेकोर पाळूनही ज्यांचे रक्ताचे रिपोर्ट सुधारत नाहीत, त्यांना मी आधी हिंगाची डबी बघायला सांगेन आणि मग बाकीचं. तांदळाच्या पिठात बांधलेला हिंग मिळतो, तो आणावा. ‘खडा आणलाय, म्हणजे शुद्धच’ हाही भ्रम आहे, कारण बांधलेल्या हिंगाचेही खडे मिळतात.

मग खायचं काय? केळी, उसाचा रस, भाजलेल्या शेंगा, फुटाणे. सांबार न घेता चटणीबरोबर इडली, पण ती रव्याची नाही ना हे विचारून, आणि चटणीला हिंगाची फोडणी नाही हे बघून. उपमा आणि शिरा तर नकोच. रवा म्हणजे गहूच, तरी ‘पोळी बंद आहे ना, मग उपमा देते’ असं प्रेमानं म्हणणाऱ्या काकू घरोघरी भेटतात.

‘तिला ग्लूटेनची ॲलर्जी आहे’

या एका वाक्यात तीन निरनिराळी दुखणी कोंबलेली असतात, आणि बरेचसे घोळ इथूनच सुरू होतात.

पहिलं सिलिॲक. ही ॲलर्जी नव्हे. गहू, जव किंवा राय यांतलं ग्लूटेन पोटात गेलं की शरीराची संरक्षण यंत्रणा आपल्याच लहान आतड्याच्या अस्तरावर उलटते. अन्नरस शोषून घेणारे तिथले बारीक अंकुर झिजून सपाट होतात. हे दुखणं जन्मभराचं, त्याला औषध नाही, पथ्य हाच उपाय. दुसरी गव्हाची खरीखुरी ॲलर्जी. तिच्यात खाल्ल्यावर काही मिनिटांत ते एक-दोन तासांत अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, दम लागतो. तिसरी नुसती असहिष्णुता: पोट फुगतं, जडपणा येतो, पण आतडं शाबूत असतं. या तिसऱ्या प्रकारात पुष्कळदा गुन्हेगार ग्लूटेन नसतंच. गव्हात फ्रुक्टान नावाची शर्करा असते, तीच काहींना बाधते, आणि ती कांदा-लसणातही भरपूर असते.

पथ्य ठरतं ते यावरून. सिलिॲकमध्ये कणाचाही हिशोब ठेवावा लागतो, ॲलर्जीत मिनिटांचा, आणि असहिष्णुतेत फक्त ‘किती खाल्लं’ याचा. असहिष्णुतेच्या माणसानं अर्धी पोळी खाल्ली तर फार तर रात्र खराब जाईल. त्याच्याकडे बघून सिलिॲकच्या मुलीला ‘तो खातो की थोडं, तूही खा’ असं सांगणं म्हणजे तिचं नुकसान करणं.

‘प्रसादाला नाही म्हणू नये, एवढ्याशानं काय होतंय!’

होतं. सिलिॲकच्या रुग्णांत रोज 50 मिलिग्रॅम ग्लूटेनही आतड्याला इजा करू शकतं, हे अभ्यासांत दिसलं आहे. मध्यम आकाराच्या एका पोळीत दोन-अडीच ग्रॅम ग्लूटेन असतं. म्हणजे पोळीचे पन्नास तुकडे केले, तर त्यातला जेमतेम एक तुकडा. सत्यनारायणाच्या प्रसादाच्या शिऱ्याचा द्रोण त्याच्या कितीतरी पुढे जातो. पंचामृत, केळं, खडीसाखर यांनीही प्रसाद होतो, देवाची हरकत नसते. अडचण असते ती माणसांची. त्यातून त्या दिवशी पोट दुखलं नाही, तर ‘बघ, काही झालं नाही’ असं म्हणायला सगळे मोकळे. आतड्याची झीज मात्र दुखल्याशिवायही चालू राहते.

म्हणूनच कित्येकांचं निदान पोटदुखीवरून होतच नाही. महिनोन्‌महिने लोहाच्या गोळ्या घेऊन हिमोग्लोबिन चढत नाही, मुलाची उंची वर्गात मागे पडते, पन्नाशीच्या आत हाडं ठिसूळ होतात, गर्भ राहत नाही, कोपर-गुडघ्यांवर खाजरे फोड येतात. या प्रत्येकामागे सिलिॲक असू शकतो. दर वेळी असतोच असं नाही, पण डॉक्टरांना विचारायला हवं.

‘हा उत्तरेकडच्यांचा आजार’

2016 साली देशातल्या तीन भागांतल्या 23,331 प्रौढांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. उत्तरेत सिलिॲकचं प्रमाण 1.23 टक्के निघालं, ईशान्येत 0.87 आणि दक्षिणेत 0.10. आकडे पाहून ‘आपण सुटलो’ असं वाटेल. पण या आजाराला लागणारी जनुकांची ठेवण तिन्हीकडे जवळपास सारखीच होती. दक्षिणेत गहू कमी खाल्ला जातो, हा मोठा फरक होता. महाराष्ट्र या अभ्यासात नव्हता, पण पुण्याच्या मध्यमवर्गीय घरात भाकरी हा बेत झाला आणि पोळी हा नियम, त्याला किती पिढ्या लोटल्या? घरात एकाला सिलिॲक निघाला, तर सख्खी भावंडं आणि मुलं यांचीही तपासणी करावी.

गव्हाशी या आजाराचा संबंध लावला तो डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी. त्यांना संशय आधीपासूनच होता. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, 1944-45च्या हिवाळ्यात, हॉलंडमध्ये पाव मिळेनासा झाला. देश उपाशी असताना सिलिॲकची मुलं सुधारली, आणि पाव परत आल्यावर पुन्हा खालावली. 1950 साली डिकेंनी प्रबंध लिहून तो दुवा मांडला.

‘महिनाभर गहू सोडून बघू, फरक पडला तर तपासू’

आपल्याकडचा सगळ्यात महागात पडणारा सल्ला हा. सिलिॲकची रक्ततपासणी ग्लूटेनमुळे शरीरानं बनवलेल्या प्रतिपिंडांची असते. गहू सोडला की ही प्रतिपिंडं उतरतात, आतडंही भरून येऊ लागतं. मग रक्त आणि एंडोस्कोपीतून काढलेला तुकडा दोन्ही ‘ठीक’ निघतात आणि खरं दुखणं झाकलं जातं. निदान हवं असेल, तर पुन्हा काही आठवडे गहू खात बसायचं. म्हणून आधी तपासणी, मग पथ्य.

एका रक्ताच्या थेंबावरून शंभर-दीडशे पदार्थांची ‘असहिष्णुता’ सांगणारी पॅकेजं हल्ली जोरात आहेत. त्यातली बहुतेक आयजीजी प्रतिपिंडं मोजतात. ती तुम्ही तो पदार्थ खाता एवढंच सांगतात. त्या यादीवर विसंबून तूर, दूध, वांगं, टोमॅटो सगळं सोडणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांचं वजन घटतं खरं, कारण खायला काही उरलेलंच नसतं.

‘भाकरी खा, खपली खा, सगळं सुरक्षित’

इथे जरा थांबू, कारण मराठी स्वयंपाकघर ग्लूटेनच्या बाबतीत मुळातच नशीबवान आहे. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, पोहे, सगळ्या डाळी, साबुदाणा, वरई, राजगिरा यांत ग्लूटेन नाही. पिठलं-भाकरी, घावन, उकडीचे मोदक, अनारसे, बेसनाचे लाडू यांना पर्याय शोधावा लागत नाही. गोरगरिबाची भाकरी असताना ‘ग्लूटेन-फ्री’ म्हणून महागडी परदेशी बिस्किटं आणण्याची गरज नाही. त्या बिस्किटांत तरी काय असतं? बहुधा स्टार्च, साखर आणि तूप-तेल.

पण खपलीचं काय? खपली हा गव्हाचाच जुना प्रकार. जुना म्हणून त्यातलं ग्लूटेन नाहीसं होत नाही. ‘पूर्वीच्या गव्हानं कुणाला त्रास होत नव्हता’ असं म्हणणारे विसरतात की पूर्वी एंडोस्कोपीही नव्हती. हीच गत लापशीची, शेवयांची, गव्हाच्या चिकाच्या कुरडयांची. थालीपिठाच्या भाजणीत बहुतेक घरी गहू असतो. चकलीच्या भाजणीत बहुधा नसतो. उन्हाळ्यात हौसेनं केलं जाणारं सातूचं पीठ? जवाचं असो की गहू-डाळव्यांचं, दोन्ही बाद.

आणि खरी मेख आहे गिरणीत. मार्केट यार्डातल्या भुसार बाजारातून चांगली ज्वारी आणली, निवडली, दळायला टाकली. आधी काय दळलं होतं? गहू. जात्याच्या दगडांत अडकलेलं ते पीठ तुमच्या ज्वारीत येतं. आपले लोक गिरणीवाल्याला ‘ज्वारीवर गहू टाकू नका हो, पोळ्या काळ्या होतात’ असं हक्कानं सांगतात; उलट बाजूची काळजी कुणी करत नाही. सिलिॲकच्या घराला घरघंटी हाच खरा उपाय, आणि तिच्यात गहू कधीच पडू द्यायचा नाही. चाळणी वेगळी हवी, कारण जाळीतली कणीक धुऊनही निघत नाही. लाकडी पोळपाट-लाटणंही वेगळं. स्टीलची परात नीट घासली की चालते. तवा एकच असेल, तर तो घासून आधी भाकरी, मग पोळ्या. भाकरी तुटू नये म्हणून काही ठिकाणी ज्वारीत थोडं गव्हाचं पीठ मिसळतात. तेव्हा पोळी-भाजी केंद्रात भाकरी घेताना ‘निव्वळ ज्वारीची का?’ हा प्रश्न विचारावाच.

‘पित्त उठलंय, आमसुलाचं पाणी लाव’

उपासाचं ताट सिलिॲकच्या माणसाला वरदान, पण शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्याला संकट. खिचडीत कूट, वरईबरोबर दाण्याची आमटी, काकडीच्या कोशिंबिरीत कूट, वर दाण्याचा लाडू. मराठी रसभाजीत आणि भरल्या वांग्यातही कूट दिसत नाही, तरी असतंच.

खाल्ल्याबरोबर अंगावर गांधी उठल्या, की आपण पित्तावर ढकलतो आणि आमसूल चोळतो. नुसत्या गांधी असतील तर निभावतं. पण ओठ-जीभ सुजणं, आवाज बसणं, घरघर, वारंवार उलटी, चक्कर यांतलं काही सोबत आलं, तर ती ॲनाफिलॅक्सिस असू शकते. तेव्हा ‘ॲलर्जीची गोळी घेतली की झालं’ हा समज जिवावर बेततो. गोळीनं खाज थांबते, श्वासनलिकेची सूज आणि कोसळणारा रक्तदाब थांबत नाही. त्यासाठी मांडीत ॲड्रिनॅलिनचं इंजेक्शन लागतं, तेही मिनिटांत. 108ला फोन करायचा, माणसाला आडवं ठेवायचं, दम लागत असेल तर बसतं ठेवायचं, चालवायचं नाही.

‘बाळाला दाणे तीन वर्षांपर्यंत नकोत’ हा सल्लाही आता मागे पडला आहे. 2015 साली इंग्लंडमधल्या एका अभ्यासात इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली 640 बाळं घेतली. चार ते अकरा महिन्यांच्या वयात शेंगदाणा सुरू केलेल्यांत पाचव्या वर्षी त्याची ॲलर्जी सुमारे 80 टक्क्यांनी कमी दिसली. बाळाला अख्खा दाणा मात्र द्यायचा नाही, तो घशात अडकतो. पातळ पेजेत मिसळलेलं बारीक कूट द्यावं. अंगावर जास्त इसब असेल, तर आधी बालरोगतज्ज्ञांना विचारून.

दुधाचं थोडक्यात: दुधानं पोट डचमळतं आणि ताक चालतं, तर ते लॅक्टोज न पचणं. दुधाच्या प्रथिनाची ॲलर्जी असेल, तर दही-ताक-पेढा सगळंच वर्ज्य.

बंद पाकिटावर ग्लूटेनयुक्त धान्यं, दूध, अंडी, मासे, कवचधारी जलचर, शेंगदाणे आणि सुकामेवा, सोयाबीन यांचा उल्लेख करणं अन्नसुरक्षा नियमांनुसार बंधनकारक आहे, आणि ‘ग्लूटेन-फ्री’ लिहायचं तर किलोमागे 20 मिलिग्रॅमच्या आत. हॉटेलांत हे बंधन दहा किंवा अधिक शाखा असलेल्यांवर आहे, स्टँडसमोरच्या गाडीवाल्यावर नाही. त्यामुळे त्याला ‘ग्लूटेन आहे का’ असं विचारून उपयोग नाही, तो ‘आहे की, किती देऊ?’ म्हणेल. ‘कणीक, मैदा, रवा, हिंग, सोया सॉस, यातलं काही आहे का? याच तेलात सामोसे तळले का?’ असं नावानिशी विचारा. गाडी सुटायला आली असेल आणि उत्तर तिरकं आलं, तर केळी घेऊन चढा.